पालुपद सगळ्यांचं

शाळेत असताना २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की आम्ही ‘हम होंगे कामयाब’ म्हणायचो. पांढरा गणवेश, खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, पेटीवर गाण्याच्या बाई. दोन रांगांत उभं राहून एका सुरात म्हणायचं आणि मग खाऊसाठी धावायचं. हे गाणं कुठून आलं असा प्रश्न आम्हाला पडला नाही आणि कुणी सांगितलंही नाही. गिरिजाकुमार माथुरांनी ते हिंदीत आणलं आणि मूळ गाणं अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं आहे, हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका जुन्या ध्वनिमुद्रणात ते मूळच्या लोकांच्या तोंडून ऐकलं. माणसांनी गच्च भरलेलं चर्च होतं. चाल ओळखीची, पण लय इतकी संथ की ओळ संपेल की नाही असं वाटावं. माणसं प्रत्येक शब्दावर रेंगाळत होती, श्वास घेत होती, शेजारच्याचा सूर आपल्यापाशी पोचला की मगच पुढे सरकत होती. मागे कुणीतरी खोकत होतं. आमच्यापर्यंत हे गाणं धुऊन, इस्त्री करून आलं होतं, हे त्या दिवशी लक्षात आलं.

अमेरिकेतल्या समतेच्या लढ्यातल्या गाण्यांचा हा संग्रह ती इस्त्री मोडतो. त्यासाठीच मला तो मोलाचा वाटतो आणि प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

निषेधाचं गाणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गिटार घेतलेला एकटा गायक येतो. २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टनच्या मोर्चात बॉब डिलन आणि जोन बाएझ गायले, त्यांची छायाचित्रं जगभर पोचली. त्याच मंचावरून महालिया जॅक्सनही गायल्या. पण लढ्याचा भार ज्या गाण्यांनी वाहिला ती मंचावरची नव्हती. ती जॉर्जियातल्या लाकडी चर्चमध्ये, मिसिसिपीतल्या तुरुंगांत, पोलिसांच्या गाड्यांत गायली गेली. त्यांना कवी नव्हता, किंवा असलाच तर कुणाला त्याचं नाव आठवत नव्हतं. आणि माझ्या मते त्यांचं बळ एका साध्या गोष्टीत होतं: ही गाणी मुद्दाम अपुरी ठेवलेली होती. पालुपद ठरलेलं, चाल ठरलेली, पण कडव्यातली एक जागा मोकळी. त्या जागी तुम्ही तुमच्या गावाच्या फौजदाराचं नाव घाला, तुरुंगाचं घाला, काल मार खाल्लेल्या पोराचं घाला. गाणं लगेच तुमचं होतं.

ही रीत एका दिवसात आलेली नाही. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा होता. चर्चमध्ये गीतांची पुस्तकं नव्हती आणि असती तरी वाचणार कोण? म्हणून एकजण ओळ म्हणून द्यायचा आणि सगळी सभा ती ओळ आपल्या पद्धतीने लांबवून, वळवून परत म्हणायची. कीर्तनात बुवा अभंगाचा चरण टाकतात आणि टाळकरी तो उचलतात, किंवा शाहिरामागे झीलकरी सूर धरतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे पुढे आणि मागे अशी कायमची जागा कुणाचीच नव्हती. पुढची ओळ कुठल्याही बाकावरून उठू शकत होती.

बाहेरच्या कानाला हे गाणं नेहमीच चुकीचं ऐकू आलं. फ्रेडरिक डग्लस गुलामीतून निसटला आणि १८४५ साली त्याने आपली कहाणी लिहिली. गुलाम गातात म्हणजे ते सुखात आहेत, असं उत्तरेतले लोक समजतात, याचं त्याला आश्चर्य वाटलं. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत जास्त दुःखात असताना, असं त्याने त्यात बजावलं आहे. त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ लिहिलं, तेव्हा प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर अशा एका दुःखगीताच्या स्वरलिपीची एक-दोन ओळींची पट्टी छापली. शब्द न देता नुसते सूर. वाचणाऱ्याला स्वरलिपी येत असेल तर त्याने गुणगुणावं, नसेल तर आपल्याला काहीतरी कळत नाही एवढं तरी कळावं. १९०३ सालच्या पुस्तकातली ती योजना मला आजही विलक्षण वाटते.

आता ‘हम होंगे कामयाब’च्या मुळाकडे, म्हणजे ‘वी शॅल ओव्हरकम’कडे येतो, कारण या संग्रहाचा कणा तेच गाणं आहे.

चर्चमधल्या जुन्या भक्तिगीतात ‘मी’ होता. मी एक दिवस तरून जाईन, असा एकट्या जिवाचा देवाशी चाललेला संवाद. १९४५च्या ऑक्टोबरमध्ये साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन शहरात सिगारच्या कारखान्यात संप झाला. संपावर गेलेल्यांत बहुसंख्य काळ्या बायका. आपल्या सिन्नर-सोलापूरच्या विडी कामगार बायकांना या संपाबद्दल सांगितलं तर बरंच काही न सांगता कळेल: तंबाखूचा वास, दिवसभर वाकलेली पाठ, हातात पडणारी तुटपुंजी मजुरी. हिवाळाभर त्या कारखान्याच्या दाराशी उभ्या राहिल्या. पावसापाण्यात दिवस संपला की ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई ते गाणं अगदी संथ लयीत धरायची आणि बाकीच्या तिच्यामागे यायच्या. तिथे ‘मी’चा ‘आम्ही’ झाला. कुणी बसून केलेली ही सुधारणा नव्हती. घोळका गात होता, म्हणून सर्वनाम बदललं.

त्या संपकरी बायकांपैकी काहीजणी टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये आल्या. डोंगरावरची ही शाळा कामगारांना संघटना बांधायला शिकवायची आणि काळे-गोरे एका टेबलावर जेवायचे, जे त्या राज्यात तेव्हा कायद्याला मान्य नव्हतं. तिथल्या झिल्फिया हॉर्टन यांनी गाणं उचललं, १९४७ मध्ये लोकगायक पीट सीगरला शिकवलं. झिल्फिया १९५६ मध्ये गेल्या आणि १९५९ मध्ये गाय कारवान हा तरुण गायक तिथे संगीताचं काम बघायला आला. याच वर्षी ३१ जुलैच्या रात्री पोलिसांनी शाळेवर धाड घातली. आत माँटगोमेरीहून आलेल्या शाळकरी मुलीही होत्या. पोलिसांनी दिवे घालवले. अंधारात बॅटरीचे झोत, बुटांचे आवाज, खोल्या उलट्यापालट्या करण्याचा गोंधळ. जमिला जोन्स तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या अंधारात मुलांनी हेच गाणं धरलं आणि पूर्वी कधी नसलेलं एक कडवं त्यात आलं, भीती नाकारणारं. तिने मोठेपणी सांगितलं आहे की हातात बंदूक असलेला एक पोलीस तिच्याजवळ आला, त्याचा हात थरथरत होता, आणि गायचंच असेल तर एवढ्या मोठ्याने गायलाच हवं का, असं त्याने विचारलं. त्या मुलीला तेव्हा कळलं की घाबरलेला माणूस इथे दुसराच कुणीतरी आहे. पुढे दक्षिणेत गावोगाव ते कडवं गायलं गेलं.

एप्रिल १९६० मध्ये नॉर्थ कॅरोलायनात रॅले इथे विद्यार्थ्यांची समन्वय समिती जन्माला आली. ‘स्निक’ या नावाने ती पुढे ओळखली गेली. त्या बैठकीत गाय कारवानने गाणं सुरू केलं आणि पोरं उठून उभी राहिली, हात गुंफून डोलू लागली. इथून पुढे गाण्याचा प्रवास सांगण्यापेक्षा एका गावात थांबलेलं बरं.

ते गाव म्हणजे जॉर्जियातलं ऑल्बनी. १९६१च्या शरद ऋतूत स्निकचे दोन कार्यकर्ते तिथे उतरले, चार्ल्स शेरॉड आणि कॉर्डेल रेगन. रेगन तर अठरा वर्षांचा होता. डिसेंबर संपेपर्यंत सातशेहून अधिक माणसं तुरुंगात गेली. इतिहासाच्या पुस्तकांत ऑल्बनीची लढाई फसली म्हणून नोंदली जाते. मार्टिन ल्यूथर किंग आले, तुरुंगात गेले आणि पदरात काही न पडता परतले, कारण तिथला पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट धूर्त होता. कॅमेऱ्यासमोर तो लाठी उगारायचा नाही, माणसं शांतपणे उचलून आजूबाजूच्या तालुक्यांतल्या तुरुंगांत पाठवायचा. पण गाण्यांच्या बाजूने पाहिलं तर ऑल्बनी फसलं असं मी कधीच म्हणणार नाही. दक्षिणेतल्या कुठल्याच गावाने गाण्याला इतकं आपलं हत्यार केलं नव्हतं.

तिथल्या कॉलेजात बर्निस जॉन्सन नावाची धर्मोपदेशकाची मुलगी शिकत होती. त्या हिवाळ्यात मोर्चावरून परतून लोक चर्चमध्ये जमले, तेव्हा स्निकच्याच चार्ल्स जोन्सने तिला गायला सांगितलं. तिने लहानपणापासून म्हटलेलं एक भक्तिगीत धरलं. त्यात डोक्यावरच्या हवेत ‘संकट’ दिसतं, असा शब्द होता. गाता गाता तिने तो बदलून ‘स्वातंत्र्य’ केला. आजवर ही गाणी वडीलधाऱ्यांची होती, त्या क्षणी ती आपल्या हातात आली, असं तिने पुढे आयुष्यभर सांगितलं. आंदोलनापायी कॉलेजने तिला काढून टाकलं. १९६२ मध्ये ती, कॉर्डेल रेगन, रुथा मे हॅरिस आणि चार्ल्स नेब्लेट अशा चौघांचे ‘फ्रीडम सिंगर्स’ झाले. एका स्टेशन वॅगनमधून नऊ महिन्यांत सुमारे ५० हजार मैल हिंडून त्यांनी स्निकसाठी पैसे उभे केले. वाद्य एकही नाही. टाळ्या, पाय आणि चार गळे.

ऑल्बनीहून थोड्या अंतरावर टेरेल तालुका. तालुक्यात काळी वस्ती आठ हजारांवर आणि मतदार यादीत काळी माणसं ५१. जुलै १९६२ मध्ये सॅसर नावाच्या खेड्यात माउंट ऑलिव्ह बॅप्टिस्ट चर्चमध्ये मतदार नोंदणीची छोटीशी सभा चालू होती. शेरिफ झेड. टी. मॅथ्यूज आपल्या माणसांना घेऊन आत शिरला. बाहेर गोऱ्यांच्या गाड्या उभ्या राहिल्या होत्या. शेरिफच्या माणसांनी लोकांची नावं लिहून घ्यायला सुरुवात केली. अशा खेड्यात नाव लिहिलं जाण्याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. उद्या काम जाणार, परवा घर. हातातल्या जड बॅटऱ्या ती माणसं दुसऱ्या हातावर आपटत उभी होती. इथली काळी माणसं गेली शंभर वर्षं जशी राहिली तशीच राहावीत एवढंच आम्हाला हवं आहे, असं शेरिफने पत्रकारांना सांगून टाकलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा क्लॉड सिटन तिथे बसून हे सगळं टिपत होता. आणि त्या वेळी बाकांवरून ओठ मिटून गुणगुणणं सुरू झालं. शब्द नव्हते. कुणी तोंड उघडलं असं सिद्ध करता येणार नाही, असं ते गाणं. हळूहळू ते वाढत गेलं.

मी ही बातमी पुन्हा पुन्हा वाचली आहे. गाण्याने तिथे नेमकं काय केलं? शेरिफ पळाला नाही. नोंदणी एका रात्रीत झाली नाही. सप्टेंबरमध्ये तर ते चर्चच जाळण्यात आलं. पण त्या बाकांवरून कुणी उठून गेलं नाही. भीती एकेकट्याला पकडते. गळ्यातून सूर काढायचा तर श्वास खोल घ्यावा लागतो, शेजाऱ्याचा सूर ऐकावा लागतो, आणि तेवढा वेळ माणूस एकटा राहत नाही. हे रूपक नाही, शरीराचं साधं कामकाज आहे. चळवळीतल्या कितीतरी जणांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितलंय. सिटनची बातमी छापून आली आणि थोड्याच दिवसांत केंद्राच्या न्याय खात्याने टेरेलच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला, हेही नोंदवायला हवं.

मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात १९६१ मध्ये फ्रीडम रायडर्सना, म्हणजे बसप्रवासातला वर्णभेद मोडायला निघालेल्या पोरांना डांबलं, तेव्हा पहारेकऱ्यांनी गाणं थांबवा नाहीतर गाद्या काढून घेऊ, अशी धमकी दिली. पोरं गात राहिली. गाद्या गेल्या, रात्र लोखंडी पत्र्यावर काढावी लागली. त्या गाद्यांवरही गाणं झालं.

फॅनी लू हेमर यांच्याविषयी या संग्रहात वेगळं प्रकरण आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी रूलव्हिल गावातून अठरा माणसं भाड्याच्या जुन्या बसने तालुक्याला मतदार नोंदणीसाठी गेली. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि चालकाला दंड केला. कारण काय, तर बसचा पिवळा रंग शाळेच्या बससारखा आहे. बसमध्ये सगळे गप्प झाले. तेव्हा शेवटच्या बाकांतून एक बाई गाऊ लागली. अठरा वर्षं एकाच मळ्यावर खपलेली, कापूस वेचणारी, चव्वेचाळीस वर्षांची. त्या रात्री मळेवाल्याने तिला घराबाहेर काढलं. दोन वर्षांनी त्याच हेमर बाई अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साक्ष द्यायला उभ्या राहिल्या आणि साऱ्या अमेरिकेने त्यांना दूरदर्शनवर पाहिलं. त्यांचं नेतृत्व त्या बसमध्ये, एका गाण्यावर सुरू झालं, असं मी मानतो.

ज्यात कुणालाही सूर मिसळता येत नाही, अशीही गाणी या लढ्यात होती आणि संपादकांनी ती वगळली नाहीत हे बरं झालं. ‘स्ट्रेंज फ्रूट’ हे त्यांतलं पहिलं. एबल मीरोपोल या न्यूयॉर्कच्या ज्यू शिक्षकाने झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांवर कविता लिहिली. १९३९ मध्ये बिली हॉलिडे ती कॅफे सोसायटीत गाऊ लागली. ज्या मोठ्या कंपनीशी तिचा करार होता तिने ध्वनिमुद्रण नाकारलं, तेव्हा कमोडोर या छोट्या कंपनीने ते काढलं. गाणं नेहमी कार्यक्रमाच्या शेवटी. वाढपी थांबायचे, दिवे मालवले जायचे, फक्त चेहऱ्यावर एक झोत. गाणं संपलं की तोही बंद, आणि दिवे परत आल्यावर ती मंचावर नसायची. टाळ्या कुणाला वाजवायच्या? पुढे १५ सप्टेंबर १९६३ला बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या, आणि नीना सिमोनने संतापाच्या भरात ‘मिसिसिपी गॉडडॅम’ लिहिलं. चर्चच्या गाण्यांनी माणसं एकत्र बांधली. या दोन गाण्यांनी ऐकणाऱ्याला त्याच्या खुर्चीत एकटं सोडलं. दोन्हींची गरज होती.

गाण्याला विरोध करणारेही होते आणि तो विरोध हलका नव्हता. गाणं पुरे, आता लढा, असं माल्कम एक्स १९६४ मध्ये उघड म्हणत होते. तरुणांपैकी अनेकांना ते पटलं, कारण गात गात मार खाऊन ते थकले होते. पण त्याच वर्षी २० डिसेंबरला हार्लेममधल्या एका सभेत माल्कम, हेमर बाई आणि फ्रीडम सिंगर्स एकत्र आले. गायकांनी केनियाचे नेते ओगिंगा ओडिंगा यांच्यावरचं गाणं म्हटलं. ओडिंगा अटलांटाला आले असताना स्निकची पोरं त्यांना भेटली होती आणि भेटून जवळच्याच हॉटेलात गेली, तर तिथे काळ्यांना वाढायला नकार मिळाला. त्या ताज्या घटनेवर पोरांनी गाणं रचलं होतं. केनियातल्या बंडखोराचं नाव अमेरिकेतल्या काळ्या पोरांच्या तोंडी ऐकून माल्कम खूश झाले आणि आपल्या भाषणात त्यांनी त्या गाण्याचा हात धरला. मोकळी ठेवलेली जागा ती हीच.

समुद्रापलीकडे दक्षिण आफ्रिकेत याच सुमारास व्हुयिसिले मिनी हा कामगार नेता आणि गीतकार ६ नोव्हेंबर १९६४ला फाशी गेला, आणि फासाकडे जाताना गात गेला. तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे काळ्यांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच या लढ्याशी नातं सांगत. गाण्यांचं नातं मात्र आपण फारसं तपासलेलं नाही. सत्यशोधकी जलशांनी तमाशाचा साचा ठेवला आणि आशय बदलला, भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, वामनदादा कर्डकांची गाणी कुणी न शिकवता वस्त्यावस्त्यांत पाठ झाली. लोकांना पाठ असलेली चाल घ्यायची आणि आतला शब्द फिरवायचा, ही युक्ती ऑल्बनीत होती तशी आपल्याकडेही होती. कुणी कुणाची नक्कल केली नव्हती. वंश आणि जात एक नव्हेत, पण बोलायला मनाई झालेली माणसं गळा कसा कमावतात ते दोन्हीकडे सारखंच दिसतं. हा धागा कुणीतरी तरुण अभ्यासकाने उचलावा.

१५ मार्च १९६५ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेसमोरच्या भाषणात ‘वी शॅल ओव्हरकम’ हे शब्द स्वतःच्या तोंडी घेतले. आठच दिवसांपूर्वी अलाबामातल्या सेल्मात पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली होती. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. चार्ल्सटनच्या सिगार कामगार बाईचं गाणं वीस वर्षांत तिथवर पोचलं. १९६०च्या दशकात पीट सीगर आणि इतरांच्या नावावर त्याचा कॉपीराइट नोंदला गेला, मानधन चळवळीच्या निधीकडे जात राहिलं, आणि अखेर २०१८ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर ते सर्वांसाठी खुलं झालं.

आता वाचकांना एक विनंती. या पुस्तकातले अनुवाद चांगले आहेत, पण ते आधी वाचू नका. ऑल्बनीच्या त्याच बर्निस, म्हणजे पुढच्या बर्निस जॉन्सन रेगन यांनी १९८० मध्ये स्मिथसोनियनसाठी संपादित केलेलं ‘व्हॉइसेस ऑफ द सिव्हिल राइट्स मूव्हमेंट’ मिळवा आणि त्यातली सभांमधली ध्वनिमुद्रणं आधी ऐका. मग चारपाच जण जमवा, एकाने ओळ द्या, बाकीच्यांनी उचला. आणि कडव्यातल्या मोकळ्या जागी कुणाचं नाव घालायचं, ते तुमच्या गावाकडे बघून ठरवा.